फोडलेली पाकिटे, पास केलेली पदे

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागले की कर्नाळ्याचा सुळका जवळ येऊ लागतो आणि त्याच्या अलीकडेच शिरढोण लागते. वासुदेव बळवंत फडके यांचे हे गाव. ४ नोव्हेंबर १८४५ ला ते इथे जन्मले. आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते. फडक्यांचे बंड शाळेच्या पुस्तकातून सगळ्यांना ठाऊक असते. त्यांच्या कागदांचे काय झाले, ही हकिगत मात्र फारशी सांगितली जात नाही, आणि मला ती बंडाइतकीच विलक्षण वाटते.

पुण्यात लष्करी हिशेबाच्या कचेरीत कारकुनी करणारा हा माणूस कडवा दत्तभक्त होता. १८७९ च्या फेब्रुवारीत त्याने बंड उभारले. दोन-तीन महिन्यांत साथीदार पांगले आणि फडके दक्षिणेला श्रीशैल मल्लिकार्जुनाच्या पायाशी जाऊन बसले. अंगात ताप, हाती काही नाही, देवापुढे प्राण ठेवण्याची तयारी. तिथे त्यांनी आपले आत्मवृत्त लिहिले. रोजनिशी तर ते ठेवतच होते. निराश झालेला भक्त देवाशी जे बोलतो ते त्यात आहे, आणि सरकारविरुद्धचा संतापही आहे. ते कागद मेजर डॅनियलच्या हाती लागले. २० जुलै १८७९ ला फडके देवर नावदगी गावी झोपेत पकडले गेले. त्यांच्या कागदांचे सरकारी कचेरीत इंग्रजी भाषांतर झाले आणि पुण्याच्या न्यायालयात तेच त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून उभे राहिले. जन्मठेपेची शिक्षा होऊन ते एडनला गेले आणि १७ फेब्रुवारी १८८३ ला तिथेच वारले. पुढे १९५७ मध्ये स्वतंत्र भारताच्या मुंबई सरकारने स्वातंत्र्यलढ्याच्या साधनांचा पहिला खंड छापला, तेव्हा हे कागद सरकारी दप्तरातूनच बाहेर आले.

ज्याला पकडायचे त्याचे मन जाणण्यासाठी जपलेला कागद आज त्याच्या चरित्रकाराचे मुख्य साधन आहे. महाराष्ट्राच्या धार्मिक आणि सामाजिक इतिहासाचा मोठा भाग असाच पोलिसांच्या कपाटातून आपल्याकडे आला आहे. लोकांच्या श्रद्धेवर, उत्सवावर, कीर्तनावर, धर्मांतरावर सरकारने कान ठेवला. त्या कानाने काय ऐकले, काय ऐकू आले नाही आणि त्यापायी माणसांचे काय झाले, हे त्या नोंदींतून पाहता येते.

फडक्यांचा माग चालू असतानाच धुळ्यात एक दुसरे प्रकरण घडत होते. १३ मे १८७९ च्या रात्री पुण्यातले बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा पेटले. संशय फडक्यांवर आणि त्यांना आतून मदत करणाऱ्या पुण्याच्या शिकलेल्या मंडळींवर गेला. सार्वजनिक सभेचे मार्गदर्शक आणि प्रार्थना समाजाचे धुरीण महादेव गोविंद रानडे त्यांत आलेच. ते सरकारी नोकर होते, न्यायखात्यात होते, तरीही. उन्हाळ्याच्या सुटीतच त्यांना तातडीने धुळ्याला हजर होण्याचा हुकूम आला.

पुढचे रमाबाई रानडे यांनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या १९१० च्या पुस्तकात सांगून ठेवले आहे. त्या वेळी त्या सतरा वर्षांच्या होत्या. धुळ्याच्या घरी टपाल उशिरा येऊ लागले, आणि येई ते फोडलेले. घरात बोलणे नाही, तक्रार नाही. रानडे पत्रे घेत, वाचत आणि कामाला लागत. मग आणखी विचित्र गोष्ट सुरू झाली. वासुदेव बळवंतांच्या नावाने पत्रे येऊ लागली. अमक्या ठिकाणी बंड उठणार, तमक्या ठिकाणी जमायचे, अशा मजकुराची. रानडे ती पाकिटासकट पोलिसांकडे पाठवून देत. महिनाभराने पोलन नावाचे एक इंग्रज अधिकारी त्यांच्याशी मोकळेपणाने बोलू लागले आणि तुमच्याबद्दल सरकारचा गैरसमज झाला होता, असे त्यांनी सांगून टाकले.

चुलीजवळ किंवा ओसरीवर बसलेल्या मुलीला नवऱ्याच्या हातातले पाकीट फोडलेले दिसते, आणि का फोडले ते कोणी सांगत नाही. रमाबाईंनी हे तीस वर्षांनंतर लिहिले, तरी त्या दिवसांची धास्ती वाचताना आपल्यापर्यंत पोचते. खोट्या पत्रांचे हे प्रकरण वाचकाने ध्यानात ठेवावे. शेवटी आपल्याला त्याच्याकडे परत यायचे आहे.

आठ वर्षांनी या पाळतीला कायमचे खाते मिळाले. व्हाइसरॉय डफरिन यांच्या काळात, डिसेंबर १८८७ मध्ये, मध्यवर्ती विशेष शाखा उभी राहिली आणि प्रांताप्रांतांत तिच्या शाखा निघाल्या. राजकीय, सामाजिक आणि धार्मिक चळवळींची बातमी गोळा करणे हे तिचे काम. ‘धार्मिक’ हा शब्द त्यात सुरुवातीपासून होता. आजचा गुप्तवार्ता विभाग आपला जन्म याच शाखेपासून मोजतो. कामाची पद्धत साधी होती. गावचा पोलीस पाटील आणि फौजदार बातमी देई, जिल्ह्याचा अधीक्षक ती वर पाठवी, आणि मुंबई इलाख्याचा छापील साप्ताहिक गोषवारा तयार होई. त्याच्या जोडीला सरकारच्या भाषांतरकाराची कचेरी दर आठवड्याला देशी वर्तमानपत्रांतला मजकूर इंग्रजीत उतरवून काढी. कोणत्या गावी कोणत्या बुवांचे कीर्तन झाले, किती लोक होते, निरूपणात काय सांगितले, हे त्या गोषवाऱ्यात येऊ लागले.

हे खाते स्थिरस्थावर होते न होते तोच सार्वजनिक गणेशोत्सव आला. ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांचा मोठा दंगा झाला होता. १८९४ पासून पुण्यात गणपती रस्त्यावर आला, टिळकांनी ‘केसरी’तून त्याला बळ दिले आणि काही वर्षांतच तो कोकणातल्या पेठांपर्यंत पोचला. त्याचे सगळ्यांत नवे अंग म्हणजे मेळा. एकसारख्या पोशाखातली पोरे, हातात लेझीम किंवा टिपऱ्या, पुढे कवी किंवा मेळ्याचा प्रमुख, आणि चालीवर रचलेली ताजी पदे. एका गणपतीपुढून दुसऱ्या गणपतीपुढे जायचे, रात्रभर गायचे. पदांत देवाची स्तुती असे, स्वदेशी असे, सुधारकांची टवाळी असे, आणि १८९४ च्या सुमारास मुसलमानांविरुद्धची कडवट भाषाही असे. त्याच वर्षी सप्टेंबरात दारूवाला पुलाजवळच्या मशिदीवरून एक मेळा वाजत गेला आणि मारामारी झाली. तेव्हा सरकारला काळजी करण्याचे कारण नव्हते, असे म्हणता येणार नाही. रस्त्यावर शांतता राखणे हे कोणत्याही सरकारचे काम आहे.

पण शांतता राखण्यासाठी लावलेला कान लवकरच दुसरेच ऐकू लागला. १९०५ नंतर मेळ्यांची पदे वंगभंग, बहिष्कार, शिवाजी आणि अफझलखान यांवर आली. पुण्यातला सन्मित्र समाजाचा मेळा त्यासाठी गाजला. साध्या वेशातले पोलीस गर्दीत उभे राहून पदे उतरवून घेऊ लागले. डिसेंबर १९०९ मध्ये नाशिकला कलेक्टर जॅक्सनचा खून झाला आणि त्यानंतर मेळ्यांवर बंधनांचा फास आवळला गेला. पदे आधी पोलिसांना दाखवायची, पास झालेलीच गायची, ठरलेल्या रस्त्यानेच जायचे. ‘पद पास होणे’ हा शब्दप्रयोग मेळ्यांच्या जगात रुळला आणि पुढच्या दोन-तीन दशकांतल्या मेळेवाल्यांच्या तोंडीही तो होता.

यातून जे घडले ते आश्चर्याचे आहे. इंग्रजी राज्याच्या पोलिसांना पुराणे शिकावी लागली. कंस म्हणजे कोण, रावणाच्या कैदेतली सीता म्हणजे कोण, हे ओळखल्याशिवाय पद पास करता येईना. नाटकांचेही तेच झाले. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ मध्ये रंगभूमीवर आले. कथा महाभारतातली. पण प्रेक्षकाला कीचकात कर्झन दिसला आणि द्रौपदीत देश दिसला; १९१० मध्ये १८७६ च्या नाट्यप्रयोग कायद्याखाली सरकारने त्यावर बंदी घातली. श्रद्धेच्या भाषेत राजकारण बोलणाऱ्या समाजावर पाळत ठेवायची तर आधी त्या श्रद्धेचा अभ्यास करावा लागतो. तो अभ्यास सरकारने केला, आणि प्रत्येक ओळीत फितुरी शोधण्याची सवय त्याला लागली.

त्या सवयीचा कळस १९१८ मध्ये दिसतो. न्यायमूर्ती रौलट यांच्या समितीने देशभरच्या कटांचा अहवाल दिला. त्याचे पहिलेच प्रकरण मुंबई इलाख्यावर आहे आणि त्याची सुरुवात होते ती पुण्याच्या गणेशोत्सवापासून आणि शिवजयंतीपासून. त्या अहवालाच्या आधाराने १९१९ चा रौलट कायदा आला. विनाचौकशी अटकेची सोय त्यात होती, आणि त्याच्याच विरोधातून अमृतसरच्या जालियनवाला बागेत लोक जमले. मेळ्यातल्या पदांच्या टिपणांपासून तिथपर्यंतचा हा रस्ता फक्त पंचवीस वर्षांचा आहे.

पोलिसांच्या दप्तरामुळे काही पदे वाचली, हे खरेच. मंडळांनी छापलेल्या चार पानी पुस्तिका केव्हाच रद्दीत गेल्या. पण त्या दप्तरात काय नाही तेही पाहायला हवे. त्यात आरत्या नाहीत. कोणत्या आळीतल्या पोरांनी कोणत्या चालीवर ताल धरला, कोणाचा आवाज फुटला, आयाबाया माडीवरून कशा पाहत होत्या, हे नाही. ज्या पदात भीतीचे काही नव्हते ते कोणी लिहून घेतले नाही. म्हणून केवळ गुप्त नोंदींवरून उत्सवाचा इतिहास लिहिला तर तो सगळा बंडाचाच उत्सव होता असे वाटेल. अभ्यासक ही चूक करतात आणि उत्साही वक्ते तर नेहमीच करतात.

भाषांतराची अडचण वेगळीच. मराठी ओळीतला ध्वनी इंग्रजीत उतरवताना तिखटपणा वाढतो किंवा अर्थच बदलतो. १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांनी सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी शब्दाशब्दावर घेतली होती. तरी शिक्षा झाली. पण १९१६ मध्ये बेळगाव आणि अहमदनगरच्या भाषणांवरून त्यांच्याकडून वीस हजारांचा जामीन मागितला गेला, तेव्हा जिनांनी त्यांची बाजू मांडली आणि मुंबई उच्च न्यायालयाने ९ नोव्हेंबर १९१६ ला तो हुकूम रद्द केला. गुप्त पोलिसांनी टिपून घेतलेले भाषण सबंध वाचून पाहा, सुटी वाक्ये उचलू नका, ही भूमिका न्यायालयाने मान्य केली. पाळतीच्या कागदाकडे कसे पाहावे याचा तो आपल्याकडचा फार जुना आणि चांगला धडा आहे.

टिपणे घेण्याच्या पलीकडे जाऊन सरकार देवघरात शिरले ते १८९७ मध्ये. पुण्यात प्लेग होता, साथरोग कायदा नवा होता, आणि मार्चपासून मे महिन्यापर्यंत गोऱ्या सोजिरांच्या तुकड्या घरोघर झडत्या घेत होत्या. रोगी शोधणे आवश्यक होते, हे आज आपण जास्त समजून म्हणू शकतो. पण सोवळ्यातल्या स्वयंपाकघरात आणि देवघरात बुटांसकट शिरणे लोकांच्या जिव्हारी लागले. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर प्लेगच्या कामाचे प्रमुख रँड आणि लष्करी अधिकारी आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. गोळ्या झाडणाऱ्यांपैकी दामोदर चापेकर हा एका कीर्तनकाराचा मुलगा. वडिलांच्या कीर्तनाच्या फेऱ्यांत भावांनी साथ केलेली. कोठडीत असताना त्याने आत्मवृत्त लिहिले. १९१० मध्ये ते पोलिसांच्याच गोषवाऱ्यात आले आणि पुढे स्वातंत्र्यलढ्याच्या साधनांच्या दुसऱ्या खंडात छापले गेले. फडक्यांच्या कागदांसारखीच ही दुसरी हकिगत.

खून चापेकरांनी केला होता. पण त्याच जुलैत पुण्याच्या नातू बंधूंना उचलले गेले, आणि त्यांच्यावर कोणता आरोप आहे हे त्यांना कधीच सांगितले गेले नाही. मुंबई इलाख्याचा १८२७ चे पंचविसावे रेग्युलेशन वापरून त्यांना खटल्याशिवाय डांबले, मिळकत ताब्यात घेतली आणि १८९९ मध्ये सोडले. तात्यासाहेब नातू हे १८९४ च्या मेळ्याच्या भांडणातले. एकदा दप्तरात नाव चढले की ते तीन वर्षांनी दुसऱ्याच प्रकरणात कसे खाली उतरते, याचा हा नमुना.

आता पुन्हा आपल्या जिल्ह्यात येऊ. १९२७ मध्ये पनवेल आणि महाड दोन्ही कुलाबा जिल्ह्यात होते. रायगड हे नाव १९८१ चे. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि त्यांनी ओंजळीने पाणी घेतले. मंडळी जेवायला बसली तोच गावात अफवा उठली की हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. अफवेवर जमाव धावून आला आणि परतणाऱ्या लोकांना झोडपले गेले. पुढे नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह, १३ ऑक्टोबर १९३५ ची येवल्याची धर्मांतराची घोषणा, १९३६ ची मुंबईतली परिषद, या सगळ्यांवर पोलिसांचे लक्ष होते. महाराष्ट्र शासनाने १९८२ मध्ये बाबासाहेब आणि अस्पृश्यांच्या चळवळीच्या साधनांचा खंड काढला. त्यात वर्तमानपत्रांच्या कात्रणांबरोबर पोलिसांच्या गुप्त नोंदीही आहेत. माणसे आपला धर्म कोणता असावा याचा विचार करत होती, आणि कोण काय म्हणाले, टाळ्या कुठे पडल्या, हे कोणीतरी टिपत होते.

स्वातंत्र्यानंतर खाती बदलली नाहीत, मालक बदलले. जन्मानेच गुन्हेगार मानलेल्या जमातींचा कायदा ऑगस्ट १९५२ मध्ये गेला, पण पोलीस ठाण्यातली हजेरी फासेपारध्यांच्या वस्तीतून लगेच गेली नाही. उत्तर प्रदेशातल्या खडकसिंग नावाच्या एका माणसाला दरोड्याच्या आरोपातून सोडून दिले होते, तरी पोलीस रात्री-अपरात्री त्याच्या दारावर थाप मारून तो घरात आहे ना ते पाहत. १८ डिसेंबर १९६२ ला सर्वोच्च न्यायालयाने ती रात्रीची थाप बेकायदा ठरवली, मात्र खासगीपणाचा हक्क घटनेत आहे असे म्हणायला बहुमत तयार झाले नाही. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी तो आहे असे वेगळे लिहून ठेवले. बरोबर चौतीस वर्षांनी, १८ डिसेंबर १९९६ ला, पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवर फोन ऐकण्याचे नियम न्यायालयाने घालून दिले: गृहसचिवाचा हुकूम हवा, दोन महिन्यांची मुदत, सहा महिन्यांहून जास्त नाही, आणि वर आढावा समिती. आणि २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. माणसाची श्रद्धा आणि मनातला विचार त्या हक्काच्या गाभ्यात आहे, हेही त्यात आले. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याच आधारावर एका प्रकरणात फोन ऐकण्याचे हुकूम रद्द केले आणि ध्वनिमुद्रणे नष्ट करायला लावली.

कायदा इथवर आला. ठाण्याच्या पातळीवर काय होते ते भिवंडी आणि मालेगाव या दोन गावांत पाहता येते. मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीत भिवंडी पेटली. न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने त्यावर जो अहवाल दिला, तो प्रत्येक पोलीस अधिकाऱ्याने वाचावा असा आहे. तपास पथकाने एकाच समाजाकडे संशयाने पाहिले, हे त्यात स्पष्ट लिहिले आहे. १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा पेटली. १९८८ मध्ये तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी उलटा रस्ता धरला: मोहल्ला कमिट्या काढल्या, दोन्ही समाजांतली साधी माणसे एकत्र बसवली, आणि ठाण्याच्या हद्दीत काय चालले आहे ते उघड बोलण्याची सवय लावली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. इतक्या वर्षांच्या गुप्त अहवालांनी जे साधले नव्हते ते सतरंजीवर बसून साधले, यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

मालेगावची गोष्ट उलटी. ८ सप्टेंबर २००६ ला, शब-ए-बारातच्या दिवशी, कब्रस्तानाजवळ स्फोट झाले. मेलेले मुसलमान, आणि पकडलेले नऊ जणही मुसलमानच. २५ एप्रिल २०१६ ला विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. तोवर दहा वर्षे गेली होती.

याच्या शेजारी पनवेलचे एक प्रकरण ठेवून पाहावे. फेब्रुवारी २००८ मध्ये इथल्या एका चित्रपटगृहात एका ऐतिहासिक चित्रपटाच्या वेळी गावठी बॉम्ब फुटला. पुढे वाशी आणि ठाण्याच्या नाट्यगृहांतही बॉम्ब ठेवले गेले. तपास एका हिंदू धार्मिक संस्थेशी संबंधित माणसांपर्यंत गेला. संस्थेने आपला संबंध नाकारला. २०११ मध्ये सत्र न्यायालयाने दोघांना दोषी ठरवले आणि चौघांना सोडले. बॉम्बचा माग काढत माणसापर्यंत जाणे हा तपास. समाज आधी ठरवून मग त्यातला माणूस निवडणे ही पाळत. हा फरक सांभाळला तर पोलिसांचे हात बांधले जात नाहीत आणि देवळात, मशिदीत, चर्चमध्ये जाणाऱ्यालाही पाठीवर नजर जाणवत नाही.

आज ही नजर लग्नाच्या अर्जावरही आहे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करणाऱ्या जोडप्याची नोटीस तीस दिवस निबंधक कार्यालयातल्या फलकावर राहते. नावे, पत्ते, वये, कोणीही उभे राहून वाचावीत. १३ डिसेंबर २०२२ ला महाराष्ट्र शासनाने आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाहांसाठी कुटुंब समन्वय समिती नेमली, आणि दोनच दिवसांत ‘आंतरजातीय’ शब्द गळून फक्त आंतरधर्मीय विवाह उरले. नोंदणी करून झालेली, देवळांत झालेली, पळून जाऊन केलेली अशी लग्ने आणि त्या मुलींची व त्यांच्या घरच्यांची माहिती मिळवणे हे तिचे काम. मुलींना आधार देण्यासाठी ही समिती आहे असे शासनाने सांगितले. सज्ञान मुलीने न मागितलेला आधार तिची माहिती गोळा करून देता येतो का, हा प्रश्न नागरी हक्कांच्या कार्यकर्त्यांनी विचारला. मलाही तोच पडतो.

शेवटचे प्रकरण पनवेल तालुक्यातलेच. तळोजा मध्यवर्ती कारागृहात ऑक्टोबर २०२० मध्ये स्टॅन स्वामी यांना आणले गेले. वय ८३, येशू संघाचे पाद्री, रांचीत आदिवासींच्या जमिनीच्या प्रश्नांवर अनेक वर्षे काम केलेले. धर्मासाठी त्यांना अटक झाली नव्हती. बंदी घातलेल्या माओवादी पक्षाशी संबंधाचा आरोप होता आणि तो त्यांनी नाकारला. कंपवातामुळे हातात पेला धरवत नव्हता, म्हणून पाणी पिण्यासाठी नळीचा पेला मिळावा असा अर्ज त्यांना न्यायालयात करावा लागला. ५ जुलै २०२१ ला वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात, जामिनाचा निकाल लागण्याआधी, ते वारले.

याच प्रकरणात पुणे पोलिसांनी १२ जून २०१९ ला त्यांचा संगणक ताब्यात घेतला होता. बचाव पक्षाने त्यातल्या माहितीची प्रत बोस्टनच्या आर्सेनल कन्सल्टिंग या कंपनीकडून तपासून घेतली. डिसेंबर २०२२ मधला तिचा अहवाल म्हणतो की कोणीतरी दूरवरून जवळजवळ पाच वर्षे त्या यंत्रात वावरत होते, आरोपात वापरलेली कागदपत्रे त्यानेच आत ठेवली, स्वामींनी ती कधी उघडलीही नव्हती, आणि जप्तीच्या आदल्या दिवशी आपल्या खुणा पुसण्याचा प्रयत्न झाला. तपास यंत्रणेने हे मान्य केलेले नाही, आणि घुसणारा कोण हे त्या अहवालात सांगितलेले नाही.

शिरढोण आणि तळोजा एकाच तालुक्यात आहेत. फडक्यांविरुद्ध जे कागद वाचले गेले ते त्यांनी स्वतः लिहिले होते. धुळ्यात रानड्यांकडे आलेली पत्रे खोटी होती, पण ती कागदाची होती. पोस्टमनने आणून हातात दिली, फोडलेले पाकीट डोळ्यांना दिसले, आणि ती पाकिटासकट पोलिसांकडे पाठवता आली.